दादाच्या खोल्या

"ही कोणाची?" अंगणात उभ्या असलेल्या मेझियानच्या हातात लाल प्लास्टिकची एवढीशी चप्पल होती, आणि त्याची नजर दाहबियाच्या चेहऱ्यावर अशी खिळली होती, जणू चोरीचा मालच सापडला होता.

तिचा हा थोरला भाऊ न कळवता फ्रान्समधल्या मार्सेहून आला होता. ज्या दोन खोल्यांना त्यानं स्वतःच्या हातानं कुलूप घातलं होतं, त्यांच्या दाराशी लहान मुलांचे कपडे वाळत होते.

"युनेस गवंड्याच्या धाकटीची," दाहबिया हळूच म्हणाली. "वणव्यात त्यांचं घर गेलं, दादा. नवरा-बायको आणि तीन मुलं... तुझ्या खोल्यांत राहतात."

"कुणाला विचारून?"

ओसरीवर घोंगडी पांघरून बसलेल्या त्यांच्या आईचे, यम्मांचे ओठ हलले. पण त्यांच्या आधीच दाहबिया बोलून गेली, "मीच दिल्या."

अल्जेरियातल्या कबाइलच्या डोंगरातलं ते गाव एके काळी पोरांनी नुसतं गजबजलेलं असे. मग तरणी माणसं एकेक करून फ्रान्सला गेली, अल्जीयर्सला गेली आणि मागे उंबऱ्याउंबऱ्यावर काठ्या टेकून बसलेले म्हातारे उरले. लग्न नाही, सुंता नाही, ओव्या गाऊन जोजवायला कुणाचं तान्हं नाही. शाळेत चारच मुलं राहिली तेव्हा ती बंद करायचं घाटत होतं, पण युनेसची दोन थोरली आली आणि ते तेवढ्यावर टळलं. दाहबियाचे चारही भाऊ असेच गेले होते. प्रत्येकानं घराला दोन-दोन खोल्या जोडल्या, कुलूप लावलं, आणि जाताना 'यम्माला कोण बघणार?' असं म्हणत धाकट्या बहिणीकडे पाहिलं. पलीकडच्या डोंगरावरून तिला आलेलं स्थळ वाट पाहून पाहून दुसरीकडे गेलं. त्या मूक आहुतीची आठवण घरात कुणीच काढत नसे, तीसुद्धा नाही.

"आणि बदल्यात काय घेतेस त्यांच्याकडून?" मेझियाननं विचारलं.

"युनेस कौलं शाकारतो. त्याची बायको शाफिया यम्माला न्हाऊ घालायला हात देते."

"बस? एवढंच?"

त्याचा विश्वास बसला नाही. त्यानं तेलाचे रांजण उघडून पाहिले, यम्मांच्या पेटीतले चांदीचे दागिने चाचपले. ते पाहताना दाहबियाच्या अंतःकरणात काहीतरी कायमचं विझल्यासारखं झालं... आणि तिथंच तिच्याही मनात संशयानं घर केलं. कारण दादा फीत घेऊन दारांची, पायऱ्यांची, न्हाणीघराची मापं घेत होता, फोनवर फ्रेंचमध्ये दबक्या आवाजात बोलत होता आणि ती जवळ आली की गप्प होत होता. हा घर विकणार... यम्माला शहरातल्या कुठल्याशा वृद्धाश्रमात नेऊन टाकणार. ती त्याच्या ताटात वाढायची, पण नजर त्याच्या हातांवरून हलू द्यायची नाही.

तीन दिवसांनी त्यानं युनेसला जायला सांगितलं. युनेसनं वाद घातला नाही. गाद्या गाडीत टाकून तो खालच्या वाडीत शाफियाच्या मामाकडे निघाला. जाण्याआधी शाफियानं दोन्ही खोल्या स्वच्छ झाडून काढल्या, आणि त्या केरसुणीचा आवाज दाहबियाला ऐकवेना.

त्या दिवसापासून यम्मांनी अन्न सोडलं. कालवलेला घास दाहबियानं पुढे केला की त्या तोंड फिरवत.

"पोरं कुठायत?"

"यम्मा, ती आपली नव्हेत," मेझियान म्हणाला. मग बहिणीकडे वळून तो कडवटपणे म्हणाला, "चांगलं पढवलंयस."

"तिनं नाही पढवलं," यम्मांचा आवाज क्षीण होता, पण स्पष्ट होता. "किल्ली मी दिली. ही नको नको म्हणत होती, दादाला आवडायचं नाही म्हणत होती. चार मुलगे जन्माला घातले रे मी, आणि घरात ऐकू काय येतं, तर माझाच खोकला. ती धाकटी पहाटे रडायची ना, तर बरं वाटायचं. कुणाला तरी अजून भूक लागते, असं वाटायचं."

मेझियाननं बहिणीकडे पाहिलं. "मग तू खोटं का बोललीस, दाहबिया?"

"तू यम्मावर रागावून गेला असतास, तर ती पुन्हा रस्त्याकडे डोळे लावून बसली असती." तिचे डोळे भरून आले, पण आवाज कोरडाच राहिला. "माझ्यावर रागावलास तर काय... मला सवय आहे. आता तू खरं सांग. मापं कसली घेत होतास? घर विकायचंय ना?"

मेझियाननं खिशातली फीत काढून समोर ठेवली.

"न्हाणीत भिंतीला दांडा बसवायचाय. पायऱ्यांना कठडा."

"यम्माला कठडा लागत नाही. मी धरते तिला."

"यम्मासाठी नाही गं." त्यानं मान खाली घातली. "गुडघे गेले माझे. बायको गेल्यापासून तिथं घर खायला उठतं, मुलं ईदला फोन करतात. परत यावं म्हणतो. तुला सांगायची लाज वाटत होती... जन्मभर तू एकटीनं सगळं ओढलंस, आणि आता वर माझं ओझं."

दाहबिया त्याच्याकडे पाहतच राहिली. तिच्या गळ्यातून हुंदका निघाला की हसू, तिचं तिलाच कळलं नाही.

"म्हणजे गावात आणखी एक म्हातारा," ती म्हणाली.

"म्हातारा कुठला," यम्मा फणकारल्या. "काल तर रांगत होता. जा रे, पोरांना घेऊन ये आधी."

मेझियान उठला, भिंतीला टेकवलेली यम्मांची काठी त्यानं घेतली आणि खालच्या वाडीकडे निघाला. दाहबिया फाटकापर्यंत मागोमाग गेली.

"युनेस लगेच ऐकायचा नाही," ती म्हणाली. "पुन्हा हाकलाल, म्हणेल. शाफियाची माफी माग, त्याच्यासमोर. आणि तू कुठंही गेलास तरी त्या खोल्या त्यांच्याच, असं सांग."

"सांगतो." तो दोन पावलं जाऊन थांबला. "आणि तुझी माफी?"

तिनं खांद्यावरची ओढणी सारखी केली. उतारावर ऊन पडलं होतं, आणि वाटेत मध्येच थांबलेला तो माणूस तिला प्रथमच इतका थकलेला दिसला.

"माझी सावकाश माग," ती म्हणाली. "इथंच राहणार आहेस ना आता."