करडईच्या तेलाचं गाणं

टेप तुटली नव्हती. कापली होती.

बब्रुवाननं स्पूल उजेडाकडं धरली आणि जोडावर बोट ठेवलं. "हे बघा जमादार. म्या तर आजच बघतोय."

आबाराव जमादार पोलिसातून रिटायर झाले त्याला तीन वर्षं झाली होती. तरी उमरग्यात काही हरवलं की लोक आधी त्यांच्याकडं येत. आज सकाळी पिराजी आला होता. पिराजी दवाखान्यात कंपाउंडर होता. त्याची बायको अयोध्या वारली त्याला अकरा महिने झाले होते. ओट्यावर बसून, खाली मान घालून तो बोलला होता.

"बब्रुवानच्या टेपमधलं तिचं गाणं कुणीतरी कापून नेलंय, जमादार. तुकडा मिळाला तर बघा. न्हायतर दुसरी कॉपी कुठं असंल तर. मला तिचा आवाज आठवंना झालाय. तोंड दिसतंय, आवाज येत न्हाय."

एवढं सांगून तो उठून गेला. चहासुद्धा घेतला नाही.

गाणं सदुसष्ट सालचं होतं. तेव्हा बब्रुवान आणि त्याचे तीन मित्र मिळून 'रॉकेट ऑर्केस्ट्रा' होता. गिटार, ॲकॉर्डियन, बाँगो आणि चौघांच्याही कपाळावर केसांचा कोंबडा. त्यांनी जाहिरातीची तीन गाणी टेप केली होती. एक उमरग्यातल्या शिंप्याचं, एक सहकारी तेल संघाचं, एक तेरखेड्याच्या फटाक्यांचं. तंबूतल्या टॉकीजमध्ये सिनेमाआधी ती वाजत. शिंप्याचं आणि फटाक्यांचं पोरांनी गायलं. मधलं, तेलाचं, शेजारच्या अयोध्यानं गायलं. तेव्हा तिचं लग्न झालं नव्हतं.

आता त्र्याऐंशी साल. बब्रुवानचं साऊंड सर्व्हिसचं दुकान होतं. लग्नं आणि सभा, एवढंच काम.

"हा जोड तू मारला न्हाईस?" आबारावांनी विचारलं.

"छ्या! आमी टेप तिरपी कापतो, म्हंजे जोड वाजत न्हाय. हे सरळ कापलंय. चिंधी कापल्यावानी. ऐका."

त्यानं मशीन लावलं. शिंप्याचं गाणं संपत आलं, 'खट्ट' असा आवाज झाला, आणि एकदम फटाक्यांचं गाणं सुरू झालं. बब्रुवाननं मशीन बंद केलं.

"आन् चिकटवलंय कशानं?"

"आमची पट्टी चकचकीत असती. ही कापडी हाय. पिवळी पडलीया."

आबारावांनी पट्टीचं टोक नखानं उचललं, वास घेतला आणि परत दाबलं.

"शेवटची कधी वाजवलीस?"

"एकाहत्तरच्या जत्रंत. फुडं दुष्काळ पडला. टॉकीज आली न्हाय. करडईच न्हाय तर संघाचं तेल कुठलं? तवापासनं ट्रंकेत हाय. कुलूप लावून."

"ट्रंकेत जायच्या आधी?"

"या फळीवर. जत्रा झाली आन् ॲम्प्लिफायर पडून माझा पाय फाटला. म्हैनाभर हितंच खाटंवर होतो."

"कोण कोण यायचं?"

"कोण न्हाय यायचं ते इचारा. आख्खं गाव यायचं. नानासाहेब एकदा आले. दवाखान्यातनं रोज कुणीतरी पट्टी बदलायला यायचं. गोळ्यांनी मला गुंगी यायची. कोण आलं, कोण गेलं, कळायचं न्हाय."

"त्या गाण्यात होतं काय रे?"

बब्रुवाननं मशीनवरची धूळ बोटानं पुसली. मग मशीनकडं बघत म्हणाला, "उखाणा होता."

"म्हण की."

"करडईच्या तेलाची फोडणी खमंग, नानासाहेबांचं नाव घेते मैतरणींच्या संग." त्यानं गाणं न गाता नुसतं सांगितलं. "नानासाहेब संघाचे चेअरमन. म्हणलं, त्यांचं नाव घातलं की खूश व्हतील. पोरगी कुवारीच होती. तिला तवा कुठं नवरा होता?"

"लग्न कधी झालं तिचं?"

"सत्तरला."

आबाराव उठले.

नानासाहेब संघाच्या बंद गोदामाच्या पायरीवर बसले होते. सत्तरी ओलांडलेली. समोरून धूळ उडवत पाण्याचा टँकर गेला तेव्हा त्यांनी नाकाला उपरणं लावलं.

"त्या गाण्यावरनं तुमच्या घरी भांडण झालं होतं म्हणं?" आबारावांनी सरळ विचारलं.

"झालं म्हंजे! आमच्या मंडळींनी, सुमनबाईंनी, चार दिवस मला ताट वाढलं न्हाय. म्हणल्या, जिनं नाव घेतलं तिच्याकडं जावा जेवायला." नानासाहेब हसले.

"मग गाणं तुमी कापलंत?"

"म्या कशाला कापू? 'बंद कर' म्हणलं असतं तर बब्रुवाननं त्याच घटकेला बंद केलं असतं. पर म्या म्हणलो न्हाय. खरं सांगू का जमादार? मला गोड वाटायचं ते." त्यांचं हसू गेलं. "पोरीच्या घरी काय होत असंल, ते मनातबी आलं न्हाय."

"दुसरी कॉपी?"

"न्हाय. एकच टेप होती."

दुपारी दवाखाना बंद झाला तेव्हा आबारावांनी पिराजीला बब्रुवानच्या दुकानात बोलावलं. पिराजी स्टुलाच्या कडेला टेकला.

"सापडलं का?"

"गाणं न्हाय सापडलं. माणूस सापडला. ऐक. नानासाहेबांच्या नुसत्या शब्दावर गाणं बंद झालं असतं. त्यांना चोरून कापायची गरज नव्हती. बब्रुवाननं कापलं असतं तर तिरपं कापलं असतं. हे सरळ कापलंय. त्यावरची पट्टी जखमेला लावायची हाय. बारा वर्षं झाली तरी औषधाचा वास हाय तिला. आन् बब्रुवानचा पाय फाटला तवा कातरी आन् पट्टी घेऊन रोज हितं कोण यायचं?"

पिराजीची नजर फळीवर गेली.

"तरीबी म्या म्हणलो असतो, दुसरं कुणी असंल. पर सकाळी तू म्हणलास, मधनं गाणं कापून नेलंय. तवा बब्रुवानलाबी ते ठाऊक नव्हतं. बारा वर्षं ट्रंक उघडली न्हाय. मग तुला कुणी सांगितलं?"

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"म्याच कापलं," पिराजी म्हणाला.

बब्रुवान त्याच्याकडं बघतच राहिला.

"बाजारात निघालो की लोक इचारायचे, 'काय पिराजी, आज वहिनी कुणाला वाढत्यात? तुला का चेअरमनला?' दवाखान्यात रोगीबी हसायचे. एक दिवस बब्रुदादाचा पाय बांधला. तो झोपला. मशीन बारीक लावून गाणं गाठलं. कातरी हातात होतीच. तुकडा घरी नेला आन् तिच्यापुढं चुलीत घातला. ती काय बोलली न्हाय." पिराजी थांबला. "फुडं कधी गुणगुणलीबी न्हाय. लेकरं झाली, त्यांना झोपवताना नुसती थापटायची. म्या ते बघत होतो. एकदाबी म्हणलो न्हाय, की म्हण."

"मग मला कशाला शोधायला लावलंस?"

"म्याच जाळलं म्हणून सांगून कॉपी कुठल्या तोंडानं मागू? वाटलं, दुसऱ्यानं कापलं म्हणलं तर तुमी शोधताल."

आबारावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. आयुष्यभर त्यांनी कबुलीजबाब लिहून घेतले होते. त्यानंतर काय बोलायचं ते ठरलेलं असे.

"हसणाऱ्यात म्याबी होतो पिराजी," ते म्हणाले. "जत्रेचा बंदोबस्त माझ्याकडं होता. अंगावर वर्दी होती. शिपायाला म्हणलो होतो, जा, ते उखाण्याचं परत लावायला सांग."

"आन् नाव म्या घातलं होतं," बब्रुवान म्हणाला. "तिला इचारलंबी न्हाय. कागद हातात दिला, तिनं म्हणलं."

काहीतरी करायला हवं म्हणून बब्रुवाननं मशीनचं बटण दाबलं. स्पूल सकाळी थांबली होती तिथून फिरू लागली. फटाक्यांचं गाणं वाजलं, गिटार, बाँगो, पोरांचा आरडाओरडा. गाणं संपलं. मशीन बंद करायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. नुसती खरखर चालू राहिली. मग ॲकॉर्डियन मिटल्याचा आवाज. खुर्ची सरकली. आणि अगदी जवळून एक पोरगी बोलली,

"बब्रुदादा, माझं चुकलं का कुठं?"

"न्हाय ग," तेव्हाचा बब्रुवान म्हणाला. मागून कुणीतरी हसलं. टेप पुन्हा मुकी झाली.

बब्रुवान म्हणाला, "मशीन चालूच राहिलं असंल त्या दिशी. म्या कधी हितपतुर ऐकलंच न्हाय."

पिराजीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं.

बब्रुवाननं काही न विचारता स्पूल मागं फिरवली.