शब्दपेटीत नसलेला शब्द

उशी. पाणी. पंखा. दुखतंय. पुरे.

पर्सच्या आतल्या कप्प्यात खोकल्याच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट.

"पुढच्या आठवड्यात दाखल व्हा. त्यानंतर मात्र आवाज राहणार नाही," डॉक्टर खिडकीकडे बघत म्हणाले.

धाकट्या भावाचा फोन : "ताई, भांडण तुझं नि आईचं. त्या मशीनने कुणाचं काय घोडं मारलंय? ये ना एकदा!"

दारात एक बॅग. "राहू का गं मी?" आणि उत्तर : "नको."

*

तेच दार सहा वर्षांनी तिने ढकललं आणि आतून तिचाच आवाज आला, "बस."

तिचाच! स्वच्छ, भरदार, तरुण... आता तिच्या स्वतःच्या गळ्यातही न उरलेला तो आवाज या घरात मात्र जसाच्या तसा नांदत होता. आई खुर्चीत बसलेली, मांडीवर कीबोर्ड, नजर भिंतीकडे. "बस" एवढं तिने टाइप केलं होतं, पण लेकीकडे मान वळवली नव्हती.

आईचं स्वरयंत्र काढून टाकायचं ठरलं, तेव्हा स्वतःचे शब्द आधी भरून ठेवायला तिने साफ नकार दिला होता. "मी काय मरतेय का?" म्हणाली होती. मग थोरल्या लेकीने, जिला आई लाडाने ठकी म्हणे, चालून आलेली परगावची नोकरी पुढे ढकलली, बाहेरचा गलका येऊ नये म्हणून कपड्यांच्या कपाटात डोकं खुपसलं, आणि आईला लागतील असे शब्द एकेक करून आपल्या आवाजात संगणकात भरले. त्या प्रोग्रॅमचं नाव शब्दपेटी. आईने टाइप करायचं, पेटीने ठकीच्या आवाजात बोलायचं. पेटीत नसलेला शब्द आला की पेटी तो गिळून पुढे जाई.

आणि एवढं करून त्या आईने तिला काय दिलं? एक "नको"! नोकरीसाठी निघताना, पाय निघत नसताना, तिने दारातून विचारलं होतं, राहू का... आणि तिच्याच आवाजाने तिला घराबाहेर काढलं होतं.

"याला आता घरघर लागलीय," धाकटा भाऊ जुन्या संगणकाला थोपटत म्हणाला. तो चष्म्याच्या दुकानात कामाला होता आणि घरातल्या प्रत्येक बिघडलेल्या वस्तूचा डॉक्टर होता. "फोटो, बिलं, आईचे विणकामाचे नमुने, सगळं नव्या लॅपटॉपवर गेलं. शब्दपेटी तेवढी अडून बसलीय. एका वेळी एकाच मशीनवर राहते बाईसाहेब. इथून सुटल्याशिवाय तिथे बसत नाही, आणि सोडायला आवाजाच्या मालकाने बोलून दाखवायला हवं."

"तयार आवाज मिळतात की हल्ली. कुठलाही शब्द बोलतात."

"दाखवला ना मोबाइलवर! आईने पाटीवर लिहिलं, 'बातम्या देणारी बाई माझ्या घरात बोलणार नाही.' संपला विषय."

येताना वाटेत ठकीच्या मनात एक पाप डोकावून गेलं होतं. एका वेळी एकच मशीन... मग ते माझंच का नको? आठवड्याने मीही मुकी होणार. आवाज माझा, घेऊन जावा सरळ! पण त्या खुर्चीतलं वाळलेलं शरीर दिसलं आणि तो विचार तिथल्या तिथे विझला. आईला देऊन टाकायचा, आणि निघून जायचं. कुणाला काही कळता कामा नये.

ती लॅपटॉपसमोर बसली. पडद्यावरचं वाक्य तिने वाचलं, "हा आवाज माझा आहे. मी देते."

पडद्यावर लाल अक्षरं उमटली : आवाज जुळत नाही.

"जरा खाकरून बोल," धाकटा म्हणाला.

"सर्दी आहे रे."

"हा आवाज माझा..." शेवटचे शब्द नुसत्या वाऱ्यासारखे निघाले. पुन्हा लाल अक्षरं. पुन्हा एकदा, आणखी जोर लावून. पुन्हा तेच.

आईची मान वळली. ती उठली, जवळ आली, आणि तिने आपली थंडगार बोटं लेकीच्या गळ्यावर ठेवली. ही घोगरी धार ती ओळखत होती! तिच्या स्वतःच्या गळ्यात ती अशीच आली होती, सर्दीचं सोंग घेऊन...

ती कीबोर्डकडे धावली. पेटी बोलली, "कधी?"

खोटं बोलायला ठकीकडे आवाजच शिल्लक नव्हता. "पुढच्या आठवड्यात."

"ताई!" धाकट्याच्या हातातला स्क्रूड्रायव्हर खाली पडला. "अगं, आणि तू सांगितलं नाहीस?"

"कुणाला सांगू?" तिने बॅग उचलली. "माझं काम झालं नाही, माफ कर. नवीन आवाज घ्या तुम्ही. मी जाते. येऊ ना पुन्हा कधी?"

कीबोर्ड खडखडला. आणि तिच्याच तरुण आवाजात, लख्ख, पेटी म्हणाली :

"नको."

ती गर्रकन वळली. "आजही नकोच ना? त्या दिवशी राहू का विचारलं तेव्हाही नको! एवढी जड झाले होते मी तुला?"

आईने जोरात मान हलवली. तिचे ओठ हलले, हात पडद्याकडे गेले. धाकट्याने वाकून पाहिलं आणि मोठ्याने वाचलं :

"ठकी, नको जाऊस."

ठकीने पुढे होऊन पडदा स्वतः वाचला.

"पण पेटी तर फक्त..."

"फक्त 'नको' म्हणाली," धाकटा हळूच म्हणाला. "ताई, 'जाऊस' तू भरलंच नव्हतंस. आणि 'ठकी'ही नाही."

नाही... नव्हतंच भरलं! माझं नाव कशाला, मी तर उशाशीच असणार, हाक मारायची वेळच येणार नाही! असं वाटलं होतं तेव्हा कपाटात, आईच्या साड्यांमध्ये बसून... आणि इतकी वर्षं आई समजत होती की आपण थांबवलं तरी लेक गेली, आणि लेक समजत होती की आईने हाकललं. एकाच शब्दाने, एकाच आवाजात!

"आई गं..." ती आईच्या गुडघ्यांशी कोसळली.

पण आई रडायला थांबली नाही. तिने नवा लॅपटॉप जुन्या संगणकाच्या स्पीकरला भिडवला आणि एकेक शब्द टाइप करू लागली. टीव्हीचा कमी करण्यासाठी भरलेला 'आवाज', चष्म्यासाठी भरलेला 'माझा'... पेटी अडखळत बोलली :

"हा. आवाज. माझा. आहे. मी. देते."

हिरवी खूण आली. जुन्या संगणकावरची पेटी मिटली आणि लॅपटॉपवर उघडली.

आईने लॅपटॉप बंद केला आणि लेकीच्या बॅगेत ठेवून चेन ओढली. ठकी तो काढू लागली तेव्हा तिच्या हातावर चक्क चापट बसली.

"अगं पण तू कशाने बोलणार?" धाकट्याला रडू आवरेना.

आईने त्याच्यापुढे हात पसरला. मोबाइल मागितला. बराच वेळ लावून टाइप केलं, आणि बातम्या देणारी बाई, हवामान सांगावं तशा कोरड्या सुरात, त्या घरात पहिल्यांदा बोलली :

"ठकी, नको जाऊस."

"राहते," ठकी म्हणाली. धाकट्याला ते ऐकू आलं नाही. आईला आलं.

*

आईला ऑपरेशनसाठी रुग्णालयात न्यायला गाडी आली तेव्हा तिने स्वतःच्या आवाजात शेवटची हाक ठकीला मारली होती. ठकी तेव्हा कपाटात, कानांवर हेडफोन लावून, 'उशी' हा शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होती.