लांब उजवं वळण

सुई मधोमध

इंजिनाच्या तळाशी एक उथळ भांडं असतं, त्याला सम्प म्हणतात. सगळं ऑइल तिथे जमतं आणि एक नळी ते ओढून वर पाठवते. रोजच्या रस्त्यावर ही व्यवस्था जन्मभर चालते. ट्रॅकवर चालत नाही. लांब वळणात ऑइल बाहेरच्या बाजूला चढतं, नळीचं तोंड उघडं पडतं आणि ती हवा ओढते. दाब जातो. मग धातूवर धातू घासायला वेळ लागत नाही.

माझ्या बायकोला, नीरजाला, मी हे आमटीच्या डब्याचं उदाहरण देऊन समजावलं होतं.

"मग वळणावर हळू जा," ती म्हणाली. तिच्या दृष्टीने विषय संपला.

गाडी जुनी, जपानी, दोनच सीटची. अर्धी माझी, अर्धी यतिनची. आम्ही पुण्यात हॉस्टेलला एका खोलीत होतो, आता इकडे परदेशात, ट्रुगानिना नावाच्या उपनगरात, दोन गल्ल्या सोडून राहतो. त्याच्या गॅरेजमध्ये सासुरवाडीच्या बॅगा असल्यामुळे गाडी माझ्याकडे असते. ट्रॅक बॅलाराट गावाच्या पलीकडे, मेंढ्यांच्या कुरणांत. शेवटचं वळण उजवीकडे जातं आणि जातच राहतं. तिथले लोक त्याला 'द लाँग वन' म्हणतात.

त्या शनिवारी श्रिया बरोबर होती. सोळा पूर्ण झाल्यावर शेजारी बसता येतं, आणि सोळाव्या वाढदिवसापासून माझ्या लेकीने माझं डोकं खाल्लं होतं.

सुई थरथरते

टायर गरम झाले होते. गाडी छान बोलत होती. लाँग वनमध्ये शिरलो तेव्हा श्रिया हसत होती. हेल्मेटमुळे ऐकू येत नव्हतं, खांदे हलताना दिसत होते.

वळणाच्या मध्यात ऑइलच्या दाबाची सुई थरथरली, आणि पडली. लाल दिवा लागला.

अशा वेळी चालवणाऱ्यापुढे दोनच गोष्टी असतात. अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दाबून ठेवला तर इंजिन मरतं. मध्येच उचलला, म्हणजे 'लिफ्ट' केला, तर मागची चाकं सुटतात आणि गाडी फिरते. बाहेरच्या बाजूला, म्हणजे डावीकडे, म्हणजे श्रियाच्या बाजूला, काँक्रीटची भिंत होती.

मग आम्ही पिटमध्ये होतो, ट्रॅकशेजारी गाड्या थांबतात तिथे. इंजिन बंद. पंखा घरघरत होता आणि श्रिया हेल्मेटचा पट्टा सोडवत होती.

मधलं मला आठवत नाही. भीतीने असं होतं म्हणतात. गाडीवर एक ओरखडासुद्धा नव्हता.

सुई शून्यावर

रविवारी दुपारी यतिन आला. गाडी चार स्टँडवर उचलून आम्ही खाली बसलो.

"ऑइल किती भरलं होतंस?"

"अर्धा लिटर जास्त. वळणासाठी म्हणून."

त्याने चष्मा कपाळावर सरकवला. "मीपण घातलं होतं अर्धा. शुक्रवारी. वळणासाठी म्हणून."

"मला सांगायचं नाही?"

"तू सांगितलंस?"

हे आमचं जुनंच. हॉस्टेलच्या खोलीत चोरून उसळ करायचो तेव्हाही मीठ दोघं घालायचो, आणि मग दोघं मिळून पाणी पीत बसायचो. ऑइल फार झालं की इंजिन त्याला ताकासारखं घुसळतं, फेस होतो, आणि फेस दाब धरत नाही. कारण सापडलं. मला इतकं हलकं वाटलं की यतिनला द्यायची शिवी मी गिळून टाकली.

"नीरजाला सांगू नकोस," मी म्हटलं.

"श्रिया गाडीत होती हे मी माझ्या बायकोलापण सांगितलेलं नाही, मेट. तिने मला झोपू दिलं नसतं."

ऑइल काढायला त्याने खाली ट्रे सरकवला. मी सम्पचा नट सोडला.

धार सरळ खाली आली नाही. ती गाडीच्या डाव्या बाजूला झुकली आणि ट्रे चुकवून काँक्रीटवर पडत राहिली. शटर बंद होतं. वारा नव्हता.

"गाडी वाकडी उभी आहे," यतिन म्हणाला. हत्यारांच्या खोक्यातून त्याने पातळी बघायची स्पिरिट लेव्हल काढली आणि फरशीवर ठेवली. बुडबुडा मधोमध. स्टँडवर ठेवली. मधोमध. गाडीच्या पोटाला आडवी टेकवली. बुडबुडा उजव्या टोकाला जाऊन चिकटला.

"धर जरा." त्याने ती माझ्या हातात दिली.

गाडीपासून लांब, माझ्या नुसत्या हातात, बुडबुडा उजवीकडे गेला.

"सरळ धर ना."

"सरळच धरलीय."

त्याने घेतली. मधोमध. परत दिली. उजवीकडे. मी पाठ फिरवून शटरकडे तोंड केलं. तरी उजवीकडेच. माझ्या उजवीकडे.

यतिनने लेव्हल खोक्यात ठेवून झाकण लावलं. "स्वस्तातली आहे," तो म्हणाला. "बघू पुढच्या वीकेंडला."

तो चहा न घेता गेला. यतिन चहा न घेता कधीच जात नाही.

सुई नाही

संध्याकाळी जेवायला बसलो. नीरजाने ताक केलं होतं.

माझ्या पेल्यात ते डावीकडे चढून थांबलं होतं. मी पेला फिरवला. पेला फिरला, ताक तिथेच राहिलं.

नीरजाच्या पेल्यात सपाट.

श्रिया एरवी माझ्या समोर बसते. आज माझ्या डाव्या हाताला बसली होती. तिने पेला अर्धाच भरून घेतला होता. त्यातलं ताकही डावीकडे चढलेलं.

"दोघं असे वाकडे काय बसलाय?" नीरजा म्हणाली. "सरळ बसा." आणि ती पोळ्या आणायला आत गेली.

आम्ही दोघं उजवीकडे कललो होतो. सरळ बसायला गेलो तर पडू, असं वाटत होतं.

"श्रिया," मी हळूच विचारलं, "कधीपासून?"

"यस्टरडे. हाफच भरायचं बाबा, मग स्पिल होत नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"पॅसेंजरने ड्रायव्हरशी बोलायचं नसतं. ट्रॅकच्या गेटवरच्या लेडीने सांगितलं होतं."

ती माझ्याकडे बघत नव्हती. समोर फ्रिज होता. ती त्याच्या पलीकडे कुठेतरी पाहत होती, वळणाचं टोक शोधताना पाहतात तशी.

माझ्या पेल्यातलं ताक काठाला लागलं.

"आय'म ओके," ती म्हणाली. "जस्ट डोन्ट लिफ्ट."

मी टेबलाखाली पाहिलं. माझी उजवी टाच फरशीवर होती आणि चवडा खाली दाबलेला होता. तो मी दाबला नव्हता.

तिच्या खुर्चीच्या पलीकडे तिचा डावा हात होता. मूठ घट्ट मिटलेली, हवेतच, गाडीत दाराची पकड असते तेवढ्या उंचीवर. बोटांची पेरं पांढरी पडली होती.