पाणी देऊ नये

आईला दोनच्या आत हॉस्पिटलात पोचवायचं, एवढंच काम होतं. पोटाचं ऑपरेशन होतं. दोननंतर आलात तर पुढची तारीख तीन महिन्यांनी, असं कागदावर छापलेलं. आणि हे दुखणं तीन महिने थांबणारं नाही, असं डॉक्टरांनी हळूच सांगितलेलं. म्हणून सव्वा तासाच्या रस्त्यासाठी दादा साडेदहालाच निघाले. दादा हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. ऑफिसात पाठीमागे त्यांना ‘परिपत्रक’ म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

गाडी दादांच्या वडिलांची, जुनी. वडील जाऊन सहा वर्षं झाली होती.

अर्ध्या तासात, सपाट रस्त्यावर, काटा लाल रेघेला टेकला. बॉनेटखालून वाफ आली आणि तिच्याबरोबर वॉर्डातल्या औषधासारखा गोडसर वास. पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे दादा वीस मिनिटं थांबले, मग फडकं धरून रेडिएटरचं झाकण सोडलं. आत कूलंट औषधालाही नव्हतं. कालच त्यांनी ते काठोकाठ भरलं होतं. डिकीतला पाच लिटरचा कॅन अर्धा ओतला, गुडघ्यांना शिव्या देत वाकून गाडीखाली पाहिलं. जमीन कोरडी ठणठणीत.

आठ किलोमीटरवर पुन्हा तेच. उरलेला अर्धा कॅनही गेला.

तिसऱ्यांदा नशिबाने एक गॅरेज जवळ होतं. मेकॅनिकने पाणी भरलं, पंपाने दाब देऊन पाहिला, पाइप चाचपले.

“गळती नाही, काका.”

“मग पाणी जातं कुठं?”

“गाडी गळते, गाडी वाफ करून उडवते. पिणारी गाडी मी पहिल्यांदाच बघतोय.”

“याला काही उपाय?”

“हिटर फुल सोडा. इंजिनाची उष्णता आत येईल.”

“आत आम्ही बसतो.”

“मग काचा उघड्या ठेवा,” मेकॅनिक म्हणाला आणि कॅन भरून हातात दिला.

भर दुपारी हिटर लावून जाणारं जगातलं पहिलं कुटुंब आपलंच, असं म्हणत दादांनी गाडी काढली. मागच्या सीटवर आई. पहाटेपासून तिला पाण्याचा थेंब नव्हता. ओठ पांढरे पडले होते. ती काही मागत नव्हती, आणि त्याचाच दादांना जास्त त्रास होत होता. घड्याळात सव्वा वाजला होता.

तेवढ्यात डॅशबोर्डमागून आवाज आला. घट्... घट्... आणि जरा थांबून, घट्.

“पाणी कमी झालं की पाइपात हवा शिरते,” दादा म्हणाले. “तिचा आवाज.”

“हवा नाही रे,” आई म्हणाली. “ही यांची ढब. दोन घोट घ्यायचे, थांबायचं, मग तिसरा.”

दादांनी काट्याकडे पाहिलं.

“त्या दिवशी... यांनी पाणी मागितलं नव्हतं म्हणालास ना?”

“नव्हतं,” दादा म्हणाले. सहा वर्षांपूर्वीही हेच म्हणाले होते.

वडिलांचं ऑपरेशन त्या सकाळीच रद्द झालं होतं. पलंगावरची पाटी मात्र कुणी काढली नाही: पाणी देऊ नये. वडील दिवसभर पाणी मागत राहिले. नर्स बदलली, डॉक्टर सापडेनात, आणि लेखी आदेश आलेला असताना दुसरा लेखी आदेश आल्याशिवाय तो मोडायचा कसा? “लिहून आणतो, मग देतो, बाबा,” असं दादा सांगत राहिले. संध्याकाळी त्याची गरज उरली नाही.

काटा चढत होता. दादांनी थांबून अख्खा कॅन ओतला. या वेळी त्यांनी झाकण लावण्याआधी आत कान दिला, आणि घाईघाईने लावलं.

दोनला पाच मिनिटं कमी असताना ते पोचले. गाडीच्या काचा लावल्या, चारही दारं बंद करून तपासली, किल्ली खिशात टाकली.

आईला पलंग मिळाला. नर्सने उशाशी तीच पाटी अडकवली.

“कधीपर्यंत?” दादांनी विचारलं. “वेळ घाला तिच्यावर.”

नर्स हसली, पण तिने खडूने वेळ घातली. दादांना सहा वर्षांत पहिल्यांदा बरं वाटलं.

मग हॉस्पिटलचा वॉचमन वर आला. हातात पाण्याची बाटली.

“पांढरी जुनी गाडी तुमची का, साहेब? उन्हात म्हातारबाबांना बसवून आलात. घसा सुकलाय त्यांचा. पाणी दिलं तर घेईनात.”

“गाडीत कोणी नाही.”

“पुढच्या सीटवर आहेत की. म्हणतात, मुलाकडून लिहून आणा... मग पितो.”

दादांनी आईकडे पाहिलं. तिचे डोळे मिटलेले होते.

“दे लिहून,” ती म्हणाली. “आणि... वेळ घाल.”

दादांनी कागद घेतला. ‘पाणी द्यावे.’ खाली सही, तारीख, वेळ. वॉचमन कागद घेऊन गेला.

दादा खिडकीशी उभे राहिले. खाली गाडी उन्हात, काचा बंद. किल्ली त्यांच्या मुठीत. वॉचमनने कागद काचेला लावला आणि बाटली पुढे केली.

जुन्या गाडीची काच आतला दांडा फिरवून उतरवावी लागते. ती उतरू लागली. दोन फेरे... मग थांबली. मग तिसरा.