चार तिकिटं वजा

पोट्टीहो, हसू नका न… आधी ऐका तर!

त्या दिवशी चंदा सुट्टीवर होती, म्हणून तिचा क्लायंट माह्या टेबलावर आला. नाहीतर आमची गाठ कायची पडते? अमरावतीच्या आमच्या त्या टॅक्सच्या ऑफिसात असं कोणी येते काय! अन् समोर हा देवानंद… उंच, सावळा, हातात साडीच्या दुकानाची पिशवी. पिशवीत बिलंच बिलं.

"मी देवानंद, अकोल्याचा. शाळेत शिकवतो, अन् सुट्टीच्या दिवशी कबड्डीचा पंच," तो म्हणे. "मानधनातून दहा टक्के टॅक्स कापला. वापस भेटन काय?"

"पंचगिरीचा खर्च दाखवा, मंग पाहू."

शिट्टी — चालते. पंचाचे बूट — चालते. मॅचले जायचं एसटीचं तिकीट — चालते.

"अन् हे कटिंगचं बिल?"

"मॅटवर नीटनेटकं दिसावं लागते न मॅडम…"

"नाही चालत!"

"पण… दिसून राहिलो न नीटनेटका?"

कान गरम झाले न बाप्पा माहे!

मंग तो येतच राहिला. शनिवारी सकाळची शाळा सुटली का एसटीत बसला. कधी नीकॅपचं बिल, कधी स्कोअरशीटच्या झेरॉक्सचं… मी म्हटलं, "अहो, फोटो पाठवला तरी चालते." तर म्हणे, "ओरिजनल दाखवलेलं बरं." मी मनात म्हटलं, नकोच पाठवू रे बावा…

काल शेवटची तारीख. रिटर्न भरला का याचं येनं बंद! खर्चाची यादी त्याच्यापुढं ठेवली. तो एकेक ओळ बोट लावून वाचत गेला… अन् थांबला.

"यातली अमरावतीची चार तिकिटं काढा, प्रतीक्षा."

मॅडम नाही म्हटलं, पाहा!

"काहून? रिफंड कमी होईन न!"

"होऊ द्या. त्या चारी शनिवारी इकडं मॅच नव्हती."

"मंग बिलं दाखवाले आलते न तुमी?"

जो गडी सख्ख्या मामेभावाले आऊट देते, त्याले खोटं कुठून येईन! मान खाली घालून म्हणे, "बिलाचा फोटो चालत होता… मी तुमाले पाहाले आलतो."

मी चारही तिकिटं काढली. बटण दाबलं. रिटर्न गेला.

"झालं काम?" त्याचं तोंड इवलंसं.

"झालं. रविवारी मॅच कुठं आहे?"

"अकोल्यातच. काहून?"

"मी येईन."

"कबड्डी पाहाले?"

"कबड्डी कोणाले पाहाची आहे…"

पोट्टीहो, तो असा लाजला, असा उठला, अन् दाराबाहेरच्या ढिगातून सायबाच्या चपला घालून चालला गेला! तिकडं साहेब ओरडून राहिले, "कोण नेल्या वो माह्या चपला?"

मले मालूम होतं. पण सांगन काय मी!