डब्यातली एक मिनिट शांतता

वाचनाला बसण्यापूर्वी रँकिनबाई हिरव्या सफरचंदाच्या पातळ चकत्या करून घेत. आंबट चकती चघळली की तोंडातला चिकटपणा जातो आणि माइकमध्ये जिभेची टकटक उमटत नाही, हे त्यांच्या व्यवसायातलं जुनं शहाणपण. चकत्या इतक्या पातळ असण्याचं कारण मात्र व्यवसायाचं नव्हतं. दहा वर्षांपासून बाईंच्या तोंडात वरची आणि खालची, दोन्ही कवळ्या होत्या. दंतवैद्य सोडला, तर स्कॉटलंडमधल्या सबंध लीथ बंदरात ही गोष्ट एकट्या फर्गसला ठाऊक होती.

फर्गस टुलक हा ध्वनिमुद्रक. एके काळी व्हिस्कीची पिंपं ठेवायच्या दगडी गोदामात त्याच्या वडिलांनी स्टुडिओ विकत घेतला होता; तो आता फर्गस चालवी. भिंती हातभर जाड. बाहेर ट्राम गेली तरी आत काही ऐकू येत नसे. फक्त पायांच्या तळव्यांना ती किंचित जाणवे. काचेपलीकडच्या त्या छोट्या खोलीत बसून रँकिनबाईंनी बावीस वर्षांत ‘सात सूर्य’ या अंतराळकथेचे नऊ खंड श्राव्यपुस्तकांसाठी वाचले होते. ताऱ्यांची साम्राज्यं, शहरांएवढी जहाजं, आणि या साऱ्यांना पुरून उरलेली एकाक्ष सेनानी आर्डा. अर्ध्या जगाच्या कानात आर्डाचा आवाज म्हणजे इझोबेल रँकिन यांचा आवाज होता.

दहावं पुस्तक मात्र मागे जाणारं होतं. त्यात आर्डा एकोणीस वर्षांची होती.

“तरुण वाचक घ्यावा असं आमचं मत आहे,” प्रकाशनगृहाच्या प्रुडन्स ऑकली लंडनहून फोनवर म्हणाल्या होत्या. “तुमच्याविषयी आदर आहेच, इझोबेल.”

“आदर असता तर मिसेस रँकिन म्हणाला असता,” बाई म्हणाल्या. “आर्डाचं म्हातारपण मी वाचलं. तिचं तरुणपणही मीच वाचणार.”

अखेर करार झाला तो असा : पुस्तक बाईंनी एकटीनं वाचायचं, श्रोत्यांना ती मुलगी पटली, तर मालिकेचे शेवटचे दोन खंडही त्यांचे. नाही पटली, तर आर्डा दुसऱ्या कोणाच्या तोंडी जाणार. पंचाहत्तराव्या वर्षी बाईंजवळ आर्डाखेरीज फारसं काही उरलं नव्हतं, आणि हे कोणाला कळू देण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता.

मार्च महिन्यात अकरा दिवस वाचन झालं. शेवटच्या दिवशी समुद्रावरून धुकं आलं आणि बाईंना खोकल्याची उबळ आली. शेवटचं वाक्य कसंबसं संपवून त्या टॅक्सीत बसल्या. एक गोष्ट राहून गेली.

प्रत्येक वाचनाअखेर खोलीची शांतता मुद्रित करायची असते. वाचकानं आपल्या जागी बसून राहायचं, काही बोलायचं नाही, आणि फर्गसनं एक मिनिट यंत्र चालू ठेवायचं. पुढे वाक्यांमधल्या फटी याच शांततेनं बुजवतात. प्रत्येक खोलीची, प्रत्येक दिवसाची शांतता वेगळी असते. एका कामाची शांतता दुसऱ्या कामात वापरायची नाही, हा नियम फर्गसच्या वडिलांनी त्याला टेबलावर हात आपटून शिकवला होता.

*

पुस्तक मे महिन्यातल्या एका गुरुवारी बाहेर आलं. शुक्रवारी सकाळी दहा वाजता फर्गसचा फोन आला.

“बाई, कोट घाला आणि या! येताना मटणाचे पॅटिस आणा, मी जेवलेलो नाही. माणसं वेडी झाली आहेत!”

“फर्गस, वेडी चांगल्या अर्थानं की वाईट?”

“तुम्ही या तर आधी!”

बाईंनी पॅटिस आणले, स्वतःसाठी लाल लिपस्टिकही लावली, आणि फर्गसशेजारी खुर्ची ओढून बसल्या. पडद्यावर श्रोत्यांची पत्रं धो धो येत होती. फर्गस तोंडात घास असतानाच मोठ्यानं वाचू लागला.

“हा पर्थचा ट्रकवाला. ‘घरासमोर गाडी लावून पाऊण तास आतच बसलो. शेवटी बायकोनं खिडकीतून चहा दिला.’ ही एक परिचारिका, ओहायोची. ‘नवव्या प्रकरणात हात थरथरायला लागले. सुई टोचण्याचं काम मैत्रिणीला दिलं.’ आणि हे ऐका. ‘आर्डा एकोणीस वर्षांचीच आहे. शंकाच नाही. इतका कोवळा आवाज या बाईंनी कुठे लपवला होता?’”

रँकिनबाई खुर्चीत ताठ झाल्या. गालांवर रक्त चढलेलं त्यांना स्वतःलाच जाणवलं. “प्रुडन्सबाईंना हे सगळं पाठव,” त्या म्हणाल्या. “एकेक करून पाठव. त्यांचा फोन दिवसभर वाजत राहू दे.”

फर्गस खो खो हसला. “पाठवतो. जरा दुष्टपणे पाठवतो.”

दुपारपर्यंत पत्रांचा आकडा चार हजारांवर गेला. बाईंनी तीन कप चहा घेतला, दोनदा उठून खोलीत फेऱ्या मारल्या. त्या रंगभूमीवर काम करत असताना पडदा पडल्यावर लोक उभे राहत, त्या रात्रींसारखं त्यांच्या छातीत काहीतरी उसळत होतं.

मग फर्गस वाचता वाचता थांबला.

“इथे एक जण विचारतोय, ती मुलगी कोण?”

“स्तुती आहे ती.”

“हो. पण...” त्यानं पडदा खाली सरकवला. “हीसुद्धा तेच विचारते. ‘रँकिनबाई नेहमीसारख्या उत्तम, पण नवव्या प्रकरणापासून आर्डाचे संवाद बोलणारी दुसरी मुलगी कोण? तिचं नाव का छापलं नाही? आणि तिचे ते बंदरावरचे उच्चार किती गोड आहेत!’”

रँकिनबाईंनी हातातली बशी खाली ठेवली. बंदरावरचे उच्चार त्यांनी विशीतच घासून घासून काढून टाकले होते. स्वप्नातसुद्धा त्या तसं बोलत नसत.

“पुढे वाच,” त्या म्हणाल्या.

पुढे बऱ्याच जणांनी एकाच जागेविषयी लिहिलं होतं. नवव्या प्रकरणात आर्डा मिट्ट काळोखातल्या जहाजासमोर उभी राहते. जहाज तिला आत घेणार की नाही, हे ठरायचं असतं. तिथे वीस सेकंद काही नाही, असं संहितेत स्पष्ट लिहिलं होतं. बाईंनी तिथे काहीच वाचलं नव्हतं.

“लोक म्हणतात, त्या वीस सेकंदांत ती बोलते,” फर्गस म्हणाला. “जवळजवळ कुजबुजते. सगळ्यांनी एकच वाक्य लिहिलंय.”

“कोणतं?”

“‘मी तयार आहे. पुन्हा एकदा ऐका ना.’”

“मूळ लाव,” बाई म्हणाल्या.

फर्गसनं मूळ मुद्रण लावलं. नववं प्रकरण. बाईंचा आवाज आला, कसलेला, थोडा ओढलेला, एकोणीस वर्षांच्या पोरीचा आव आणणाऱ्या म्हाताऱ्या बाईचा आवाज. मग वीस सेकंद. काहीच नाही. त्यानं स्वतःच्या फोनवर विकत घेतलेली प्रत लावली. तिथेही वीस सेकंद काहीच नाही.

“आपल्याला दोघांनाच ऐकू येत नाही, असं दिसतं,” तो म्हणाला, आणि हसण्याचा प्रयत्न त्यानं अर्ध्यावर सोडला.

“या फटीत तू कोणती शांतता भरलीस?”

फर्गसचे कान लाल झाले.

“फर्गस!”

“तुम्ही खोकत गेलात. खोलीचं मिनिट राहिलं. दुसऱ्या दिवशी शेजारी रस्ता खोदायला घेतला, भिंतीतून घरघर यायला लागली. वडिलांच्या कपाटात जुन्या फिती होत्या, ह्याच खोलीतल्या. एक फार स्वच्छ निघाली. म्हटलं, एवढ्यानं काय होतंय.” तो उठला आणि कपाटातून एक चपटा पुठ्ठ्याचा डबा घेऊन आला. “कोणाची ते माहीत नाही. वडिलांच्या आधीच्या मालकांची असावी.”

डब्यावर फिकट निळ्या शाईत लिहिलं होतं : *गेडिस, इ. आवाज-चाचणी, १९६९. आवाज पुसला. फक्त शांतता, एक मिनिट.*

रँकिन हे बाईंचं नवऱ्याकडचं नाव. ते त्यांना १९७४ साली मिळालं होतं.

चाचणीच्या त्या दिवशी त्यांनी आईचा हिरवा कोट घातला होता. श्राव्यनाटकांची एक छोटी कंपनी तेव्हा इथे होती. काचेपलीकडच्या माणसानं त्यांचं वाचन ऐकलं, खोलीची शांतता मुद्रित करून घेतली, आणि मग म्हणाला, आवाज पोरकट आहे, उच्चार बंदरावरचे आहेत. तुमची शांतता मात्र छान आली आहे, ती तेवढी आम्ही ठेवून घेतो. मागे उभे असलेले दोघे हसले होते. एकोणीस वर्षांची इझोबेल माइकसमोरून उठली नव्हती. ती जे बोलली होती, ते त्यांनी पुढे कोणालाही सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही.

बाईंनी डब्याचं झाकण लावलं. “ठेव जागेवर,” त्या म्हणाल्या. आवाजात काहीही नव्हतं.

*

शनिवारी प्रुडन्स ऑकलींचा फोन आला. त्या आनंदानं किंचाळतच होत्या.

“इझोबेल! मिसेस रँकिन! इतका खप कोणत्याच खंडाचा झाला नाही! पण एक सांगा, पोरगी कोण? आमचे वकील बेचैन झालेत. करारात एकच वाचक आहे. दुसरं कोणी बसवलं असेल तर करार मोडला, आणि मग शेवटचे दोन खंड...”

“दुसरं कोणीही बसलेलं नाही.”

“मग सोमवारी मी येते. माझ्यासमोर एक पान वाचून दाखवा. मला कानांनी पटलं की झालं.”

सोमवारी दहाला प्रुडन्सबाई आल्या, उंच, घाईतल्या, हातात कागदी पिशवी. “तुमच्यासाठी! हिरवं सफरचंद लागतं ना तुम्हाला? मुलाखतीत वाचलं होतं.” त्यांनी मोठं चकचकीत सफरचंद बाईंच्या हातात ठेवलं.

“सुरी बाहेर राहिली,” फर्गस पुटपुटला.

“राहू दे,” बाई म्हणाल्या. त्यांनी सफरचंद जसंच्या तसं संहितेशेजारी ठेवलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

काचेपलीकडे प्रुडन्सबाईंनी कानांवर हेडफोन चढवले. रँकिनबाईंनी नववं प्रकरण उघडलं. आर्डाचं पहिलं वाक्य त्यांनी घरी दोन दिवस घोटलं होतं. त्यांनी तोंड उघडलं. आवाज फाटला. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा फाटला. प्रुडन्सबाईंच्या चेहऱ्यावर सभ्य, दयाळू हसू आलं. तसलं हसू बाईंनी याच काचेतून एकदा पाहिलं होतं.

त्यांनी संहिता मिटली.

“फर्गस,” त्या माइकमध्ये म्हणाल्या, “आधी खोलीचं मिनिट घे.”

“आत्ता? ते शेवटी...”

“आत्ता.”

लाल दिवा लागला. बाईंनी हात मांडीवर ठेवले, डोळे मिटले, ओठ घट्ट मिटले.

तळव्यांना ट्राम जाणवली. मग तीही गेली.

जुन्या लोकरीचा वास आला. पावसात भिजलेल्या कोटाचा.

‘तू तयार आहेस का?’ त्यांनी मनातल्या मनात विचारलं. विचारताना त्यांची मान ताठ होती, पण जन्मात प्रथमच त्यांनी कोणाला तरी आपली जागा दिली होती.

काही ऐकू आलं नाही.

लाल दिवा विझला.

बाईंनी डोळे उघडले. काचेपलीकडे प्रुडन्स ऑकली उभ्या होत्या. दोन्ही हात तोंडावर, गाल ओले. मग त्या टाळ्या वाजवू लागल्या, लहान मुलीसारख्या उड्या मारत. बटण दाबून ओरडल्या, “पुरे! पुरे झालं! दोन्ही खंड तुमचे! देवा, असं वाचन मी जन्मात ऐकलं नाही!”

फर्गस हलला नाही. तो आवाज मोजणाऱ्या काट्याकडे पाहत होता. मग त्यानं प्रुडन्सबाईंकडे पाहिलं. मग पुन्हा काट्याकडे. त्यानं बाईंकडे पाहून हळूच मान हलवली : नाही. काटा एकदाही हलला नव्हता.

“तुम्हाला शंका होती ना,” रँकिनबाई माइकमध्ये म्हणाल्या. आवाज त्यांचाच होता, भरदार, जुना. “आता करार पाठवा. आणि त्यावर माझं नाव पूर्ण लिहा. इझोबेल गेडिस रँकिन.”

काचेपलीकडे प्रुडन्सबाई चहासाठी फर्गसची घाई करू लागल्या. बाई आपले कागद गोळा करू लागल्या. त्यांच्या अंगात विशीतली ऊब खेळत होती. कित्येक वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

शेवटी त्यांनी सफरचंदाला हात लावला, आणि हात तिथेच राहिला.

सफरचंदाला एक घास पडलेला होता. खोल, मोठा, भुकेला घास. मजबूत दातांची महिरप गरात स्वच्छ उमटलेली. बाईंनी नकळत जिभेनं आपली कवळी चाचपली. मग त्यांनी सफरचंद उजेडात धरलं.

चावलेली जागा पांढरीशुभ्र होती. काळी पडायला अजून सुरुवातही झाली नव्हती.