पत्ते टाकायला शिकवताना

बदामची राणी. तिचा डावा कोपरा कुत्र्याने खाल्लेला.

उंडीच्या दोनशे वाळक्या बिया, लोणच्याच्या रिकाम्या बरणीत.

रापणीचं जाळं किनाऱ्यावर ओढताना दोराला ज्याचा हात लागला त्याला माशांचा वाटा. मग तो वाटेने जाणारा का असेना.

एक चिंब स्कूटर.

"आमका चौथो होयो!"

या सगळ्यांची गाठ पडली जूनअखेरच्या एका रविवारी दुपारी, तारकर्लीत. अक्षया मूळची वालावलची. पुण्यात आठ वर्षं काढून, इथल्या सरकारी दवाखान्यात औषधं देण्याच्या कामावर नुकतीच रुजू झालेली. पावसात पुढचं काही दिसेना म्हणून एका होम-स्टेच्या पडवीला टेकून उभी राहिली. पडवीत तिघं पत्ते खेळत होती. होम-स्टेचा मालक विनीत, त्याची बायको भक्ती, आणि सर्वेश. हा पर्यटकांना बोटीतून नेऊन पाण्याखालचे मासे दाखवायचा. पावसाळ्यात बोट माडाच्या झापांखाली आणि तो या पडवीत.

"पोकर येता?" त्यानेच विचारलं.

पुण्याच्या हॉस्टेलवर अक्षयाने रात्रंदिवस तेच केलं होतं.

"थोडं... येतं," ती म्हणाली.

तासाभरात, पैशांच्या जागी लावलेल्या दोनशेतल्या दीडशे बिया तिच्यापुढे. भक्तीकडे एकही उरली नाही. तेव्हा विनीतने शांतपणे अक्षयाच्या ढिगातून मूठ भरली आणि बायकोपुढे ओतली.

"हे काय?"

"वाटो," सर्वेश गंभीर चेहऱ्याने म्हणाला. "रापणीचो नियम."

"पोकरमध्ये असलं काही नसतं!"

"पोकर खंय जल्माक इलो, माका म्हायत नाय. हयसर आमच्याच नियमान खेळतलो."

त्याच्या डोळ्यांत हसू होतं. अक्षयाने पत्त्यांकडे पाहिलं... पण पत्ते काही दिसले नाहीत.

मग दर रविवारी स्कूटर आपसूक तिकडे वळू लागली. पाऊस असो, नसो.

तिघंही खेळायची भयंकर. चांगले पत्ते आले की विनीत गुणगुणायचा. भक्ती ओढणी सारखी करायची. कोपरा खाल्लेली राणी कोणाकडे आहे ते सगळ्यांना दिसायचं, आणि सगळी सभ्यपणे दुसरीकडे बघायची. सर्वेशची तर तऱ्हाच वेगळी. तो डाव सोडून पत्ते टाकायचाच नाही. हातात काही नसलं तरी बिया पुढे.

"तुझ्याकडे काही नाहीये," ती म्हणायची.

"नाय."

"मग कशाला?"

"तुझे बघूचे आसत."

शिकवावं की नाही? नाही शिकवलं, तर हरून हरून एक दिवस कंटाळतील, आणि रविवार संपतील. शिकवलं, तर... तर काय, हे तिला नीट सांगता येईना. या गावात तिचं म्हणावं असं एवढंच होतं: ही पडवी, आणि समोर बसणारा तो.

एका सकाळी तोच दवाखान्याच्या खिडकीत उभा.

"खोकल्याचा औषध द्या."

"खोकला कुठाय?"

"येतलो." मग मान खाली घालून, "माका शिकय गो. एकदा तरी तुका हरवूचा आसा."

शिकवणी बसली किनाऱ्यावर, त्याच्या झाकलेल्या बोटीच्या आडोशाला. संध्याकाळी पाच वाजता, एका छत्रीत.

"वाईट पत्ते आले की टाकायचे."

"मगे तुझे कसे बघतलंय?"

"बघायचे नाहीत! समोरच्याने बिया वाढवून जोर केला, तर समजायचं त्याच्याकडे आहे. निमूट सोडून द्यायचं."

"निमूट?"

"निमूट."

"बाई, तुमी लय कडक."

हे म्हणताना त्याने छत्री हळूच तिच्याकडे कलती केली. त्याचा उजवा खांदा भिजत राहिला... आणि अक्षया दुसरा धडा विसरली.

चार धडे झाले. सर्वेशने ते सगळे विनीत-भक्तीला जसेच्या तसे सांगून टाकले. एकट्यापुरतं ठेवणं त्याला जमायचंच नाही.

ऑगस्टचा शेवटचा रविवार. सप्टेंबर लागला की बोट पाण्यात, मग त्याचे रविवार पर्यटकांचे.

पडवीत चिडीचूप. विनीत गुणगुणेना. भक्तीचे हात ओढणीपासून लांब. अक्षयाने बिया पुढे केल्या की तिघंही पटापट पत्ते टाकायची. अर्ध्या तासात कोणी कोणाचा पत्ता पाहिला नाही.

"माका झोप येता," भक्ती म्हणाली. "ह्यापेक्षा तांदूळ निवडलेले बरे."

सर्वेशने सातव्यांदा पत्ते टाकले. अगदी निमूट. सोडून द्यायला आपणच शिकवलं याला! आणि किती छान शिकला हा...

पुढचा डाव. तिच्या हातात सत्ती आणि दुर्री, त्याहून फालतू पत्ते नसतात. सगळ्यांचे म्हणून मध्ये उघडलेले पाच: राजा, गुलाम, दश्शी, चव्वी, तिर्री. काहीच जुळत नव्हतं.

तिने दोन्ही हातांनी सगळा ढीग पुढे लोटला.

विनीतने टाकले. भक्तीने टाकले. सर्वेश बघत राहिला — पत्त्यांकडे नाही, तिच्याकडे.

"तू जोर केलंस म्हणजे तुज्याकडे आसा. तूच शिकयलंस."

"हो."

"माजे टाकूचे पत्ते आसत."

"मग टाक."

पडवीच्या पत्र्यावरून पाणी गळत होतं. एक थेंब, दुसरा, तिसरा... सर्वेशने आपल्या सगळ्या बिया पुढे सरकवल्या.

"कित्याक?" मालवणी आपसूक तिच्या तोंडी आली; पुण्याची आठ वर्षं एका शब्दात गळून पडली.

"सात वेळा टाकलंय आज. सातय वेळा वाटला, पत्त्यांबरोबर तुकाच सोडतंय." त्याने तिर्री आणि पंजी उलटली. तिर्रीची एक केविलवाणी जोडी. "हरलंय तरी चलात. पण असा निमूट उठूचा नाय माका."

अक्षयाने आपले पत्ते ठेवले.

"काय्येक नाय!" भक्ती किंचाळली. "मेल्या सर्वेशा, तिच्याकडे काय्येक नाय! तू जिकलंस!"

सर्वेशचं तिकडे लक्षच नव्हतं. "फसवी होतंस माका?"

"नाय. बघी होतंय," अक्षया म्हणाली. "तू टाकून जातंस काय हयसर रवतंस, ता."

"रवतलंय."

विनीतने घसा खाकरला. "भक्ती, चाय ठेव बघू."

"आत्ताच तर झाली!"

"आणखी ठेव!"

"अगो बाय... होय, होय," म्हणत भक्ती नवऱ्यालाच दंडाला धरून आत घेऊन गेली. आतून दोघांचं दाबलेलं हसू आणि एका भांड्याचा खणखणाट.

बिया गोळा करायला सर्वेशने हात पुढे केला. अक्षयाचा हात अजून त्या ढिगातच होता. तिने तो काढला नाही.

"रविवारी मी समुद्रात," तो हळूच म्हणाला. "सांजचो येव?"

"ये."

"सोमवारी?"

"सोमवारी दवाखान्यात गर्दी असता."

"खोकलो घेवन येतलंय."

ती इतकी हसली की उंडीच्या बिया पडवीभर घरंगळल्या.

शिकवणीच्या पहिल्या दिवशी सकाळी, अक्षयाने कुडाळला, वालावलच्या घरापासून वीस मिनिटांवर मिळालेली बदली लेखी नाकारली होती.